कापसावर बसून घेतलेले श्वास

त्या हिवाळ्यात आमच्या बैठकीत माणसांना बसायला जागा नव्हती, कारण तिथं कापूस बसला होता. राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात याचं कुणाला नवल वाटायचं नाही. दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली की कापूस घरात यायचा आणि भाव पडलेला असला की घरातच मुक्काम ठोकायचा. आधी मागची खोली, मग माजघर, मग बैठक. पाहुणा आला तर त्याला ओसरीवर खाट टाकून द्यायची आणि "कापूस हाय ना घरात" एवढंच म्हणायचं. तो समजून घ्यायचा. त्याच्याही घरी तेच असायचं.

मी यवतमाळच्या नोकरदार घरातली. वडील कचेरीत, काका शाळेत, आत्या शाळेत. आमच्याकडे कापूस म्हणजे देवघरातल्या वातींपुरता, आगपेटीएवढ्या डबीत मावणारा. लग्न होऊन इथं आले आणि पहिल्याच हिवाळ्यात बघते तर घरात छताला भिडायला निघालेला पांढरा डोंगर, त्यावर पोरं उड्या मारतायत आणि सासूबाई त्याच्या कडेनं अंग चोरून चहाचा कप घेऊन चालल्यायत. मला हसू आलं होतं. नंतर सवय झाली. गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत मला नोकरी लागली, मुलगी झाली आणि दर हिवाळ्यात केसांतून सरकीचं टरफल काढणं हे वेणी घालण्याइतकं नेहमीचं झालं.

ती वर्षं वाईट होती. कापसाच्या भावाबद्दल लोक आजारी नातेवाइकाबद्दल बोलतात तसं बोलायचे, आवाज उतरवून. गावात अनोळखी जीप शिरली की पहिला प्रश्न असायचा, कुणाच्या घरी? दुपारच्या वेळी एखाद्या घराचं दार आतून बंद दिसलं तर शेजारीण उगाचच साखर मागायला म्हणून कडी वाजवायची. साखर घरात असली तरी. आतून कुणी ओ दिली की ती म्हणायची, "काही नाही वो, असंच," आणि साखर न घेताच परत जायची. आमच्या घरावर तशी वेळ नव्हती. माझा पगार होता, नवरा तालुक्याच्या कचेरीत कारकून होता. पण भीती काही सातबारा बघून घरात शिरत नाही. ती गावातल्या हवेतच होती आणि आम्ही सगळे तीच हवा घेत होतो.

आमच्या ह्यांनी त्यावर उपाय शोधला होता. प्राणायाम. त्या काळात भल्या सकाळी टीव्हीवर पोट आत-बाहेर करणारी माणसं दिसू लागली होती आणि कचेरीतल्या कुणीतरी ह्यांना सांगितलं, की त्यानं साखर जाते, बीपी जातं, डोकं शांत राहतं. ह्यांना साखर नव्हती, बीपीही नव्हतं. डोकं लग्नाच्या आधीपासून शांत होतं, नको तितकं. तरी ह्यांनी मनावर घेतलं. एखादी गोष्ट मनावर घेतली की हे ती आमच्याही मनावर घेतात. मग मी आणि मुलगीही सकाळी उठून बसू लागलो.

आता अडचण अशी, की टीव्ही बैठकीत होता. केबलची वायर खिडकीच्या चौकटीतून आत आली होती आणि ती तिथल्या तिथं पुरत होती, त्यामुळे टीव्ही दुसरीकडे नेता येत नव्हता. आणि बैठकीत कापूस. म्हणजे टीव्ही बघायचा तर कापसावर चढूनच बसायला हवं. आम्ही तसंच करायचो. ढिगावर एक जुनी चादर अंथरून तिघं ओळीनं मांडी घालून बसायचो. खिडक्या बंद, कारण शेजारच्या चुलीतली ठिणगी उडून आली तर सगळं वर्ष जळून जायचं. दारही लोटलेलं, कारण बाहेरचं धुकं आत आलं तर कापूस ओलसर होतो आणि खरेदी केंद्रावर प्रत ठरवणारा ग्रेडर नाक मुरडतो. अशा बंद खोलीत, कापसाच्या ढिगावर बसून, आम्ही जोरजोरात श्वास घ्यायचो. आज हे लिहिताना माझा मलाच राग येतो. पण तेव्हा त्यात चुकीचं काय आहे हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. कापूस म्हणजे घरातली सगळ्यात चांगली वस्तू. चांगल्या वस्तूवर बसून चांगलं काम करायचं, इतका सरळ हिशेब. मामाजी, म्हणजे माझे सासरे, तेवढे ओसरीवरून म्हणायचे, "हवा खायले टीवी कायले लागते बे?" आणि गायीला वैरण टाकायला जायचे.

संक्रांतीच्या सुमारास शाळेत अर्धा वर्ग तापानं फणफणला होता. तिळगूळ वाटता वाटता मीही तो घेऊन घरी आले. अंग मोडून आलं, घसा धरला, दुसऱ्या दिवशी खोकला सुरू झाला. तोपर्यंत काळजी करण्यासारखं काही नव्हतं. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, काढा केला आणि माझं अंथरूण उचलून बैठकीत, कापसावर नेऊन टाकलं. कापूस गरम असतो. थंडीत आजारी माणसाला, बाळंतिणीला, म्हाताऱ्याला कापसावर झोपवायचं, ही आमच्याकडची माया आहे. त्यांनी माझ्यासाठी ढिगात हातानं खळगा केला, त्यात गोधडी घातली आणि वरून दुसरी पांघरली. "निज आता, घाम येईन मंग बरं वाटंन," म्हणाल्या. माझी आई असती तर तिनंही माझं इतकं केलं नसतं, असं मला त्या वेळी वाटलं होतं.

आईचं सांगायला हवं, नाहीतर पुढची भीती कळायची नाही. माझी आई दम्यानं गेली, मी लहान शाळकरी पोर असताना. माझ्या आठवणीत ती आडवी झोपलेली नाहीच. उशांवर उशा रचून, गुडघ्यांवर कोपर टेकवून, खांदे वर ओढून बसलेली आहे. तिच्या छातीतून सुईच्या नेढ्यातून वारा जावा तसा आवाज यायचा आणि आम्ही पोरं तो आवाज ऐकतच जेवायचो, अभ्यास करायचो. पाहुण्यांना तो ऐकू गेला की ते बोलता बोलता थांबायचे, तेव्हा आम्हाला आठवायचं की हा आवाज सगळ्यांच्या घरात नसतो. ती गेल्यानंतर घरात जी शांतता झाली ती मला कधीही विसरता आली नाही. पुढे मोठेपणी साधी सर्दी झाली तरी मी एकटी असताना तोंड मिटून स्वतःच्या छातीचा आवाज ऐकायची. आहे का तो? नसायचा. मग मी कामाला लागायची. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

त्या वेळी कापसावर झोपल्या झोपल्या मी ऐकलं आणि तो होता.

बारीक होता. श्वास सोडताना शेवटाशी, कुणी लांबून शीळ घालावी तसा. मी श्वास धरला, पुन्हा सोडला. पुन्हा तोच. वाटलं, आलं. आईचं माझ्याकडे आलं. मी उठून बसले तर खोकल्याची उबळ आली आणि ती थांबेपर्यंत डोळ्यांपुढे काजवे चमकले. आत्याबाई पाणी घेऊन आल्या, पाठीवरून हात फिरवला आणि मला पुन्हा त्या खळग्यात नीट झोपवून गेल्या.

सकाळी ह्यांनी टीव्ही लावला. मी म्हटलं, "मला आज नको. छातीत भरून आलंय."

"भरून आलं म्हणूनच करा लागते ना," हे म्हणाले. "कफ निघून जाते त्यानं. औषधानं नुसता सुकते. तू उठून बस, मी सांगतो तसं कर."

ह्यांचा आवाज प्रेमाचा होता आणि हेच त्यातलं वाईट. रागावून सांगितलं असतं तर मी भांडले असते, भांडणात मी कमी पडत नाही. पण मला खरंच वाटलं, की यानं निघेल. छातीतली ती शीळ निघेल. मी घाबरलेली होते आणि घाबरलेल्या माणसाला कुणी काहीही करायला सांगितलं तर ते काही न करण्यापेक्षा बरं वाटतं. मी उठून बसले. मुलगी तिच्या जागेवर बसली. पडद्यावरच्या माणसानं जोरात श्वास घ्यायला सुरुवात केली, भात्यासारखा, आत बाहेर, आत बाहेर, आणि मी त्याच्या मागोमाग निघाले.

थोड्याच वेळात ओठांना मुंग्या आल्या. मग बोटांना. मला वाटलं, काहीतरी होतंय म्हणजे लागू पडतंय. छाती आवळत चालली होती, म्हणून मी अजून जोरात ओढला. जितका ओढावा तितका कमी पडायचा. आत जायचा, पण पोचायचा नाही. "हां, बरोबर, थांबू नको," हे म्हणत होते. मग माझे हात माझे राहिले नाहीत. बोटं आपोआप एकमेकांना चिकटून ताठ झाली, अंगठा तळव्याकडे वळला, मनगटं आत वाकली. मी ती सरळ करू पाहिली तर होईनात. कोंबडीचे पाय असतात तसे माझे हात माझ्याच मांडीवर पडले होते. मी ओरडायला तोंड उघडलं तर ओठ लाकडाचे झालेले. आणि छातीतली शीळ आता बारीक नव्हती, ती आईची होती. मी मरते आहे, हे मला इतकं स्पष्ट कळलं की त्याबद्दल वाईटसुद्धा वाटायला वेळ नव्हता. मुलगी शेजारी बसली होती आणि तिचं पोट अजूनही आत-बाहेर होत होतं, कारण तिला कुणी थांब म्हटलं नव्हतं.

आत्याबाई धावत आल्या. "लकवा मारला वो पोरीले!" त्या ओरडल्या तशी शेजारीणही आली. तिनं माझे वळलेले हात, अर्धे मिटलेले डोळे, सुटलेले केस आणि जोरजोरात चाललेला श्वास पाहिला आणि तिचा निदान करायला क्षणही गेला नाही. "लकवा नोहे, मामी. अंगात आलं हिच्या. कुंकू आणा." झालं. कुंकू आलं, हळद आली, माझं कपाळ भरलं. शेजारीण हात जोडून मला विचारू लागली, "माय, कोण व्हय तू? काय पाहिजे तुले? सांग." मला हवा पाहिजे होती. अंगात आलेल्या बाईला निदान बोलता तरी येतं, मला तेही येत नव्हतं. कुणीतरी धूप पेटवायला सांगितलं. त्या बंद खोलीत, कापसाजवळ, धूप!

धुपाचं नाव निघताच मामाजींचा आवाज आला. सून निजलेल्या खोलीत सासऱ्यानं पाय ठेवायचा नाही, खाकरल्याशिवाय दारातही यायचं नाही, ही आमच्या घरची जुनी रीत, आणि त्या सकाळीही ते उंबऱ्याच्या बाहेरच उभे होते. पण ओरडले ते सगळ्या आळीला ऐकू गेलं. "विस्तव कोण आणून राह्यलं कापसात? हटा सारे! अन् तू काय पाह्यतं बे? बायकोले उचल अन् बाहेर आण!"

ह्यांनी मला उचललं. मी ह्यांच्या खांद्यावरून पाहिलं तर ह्यांचा चेहरा पीठ फासल्यासारखा पांढरा झाला होता. सकाळच्या टीव्हीनं शांत केलेलं ते डोकं पार भांबावून गेलं होतं. रस्त्यावर काळी-पिवळी जीप सुटायच्या बेतात होती. माणसांना खाली उतरवून मला खिडकीशी बसवलं. कुंकवानं माखलेलं कपाळ, वाकडे हात. उतरलेल्यांपैकी एका म्हातारीनं मला नमस्कार केला.

खिडकीला काच नव्हती. माघातला वारा तोंडावर आपटत होता. गाव मागे पडलं, दोन्ही बाजूंनी वेचून झालेली पऱ्हाटी, कापसाची वाळकी झाडं, उभी दिसू लागली आणि मला हळूहळू कळलं, की मेले असते तर एव्हाना मेले असते. बोटं सुटली, आधी करंगळी, मग बाकीची. शीळ मात्र चालूच होती. मी ती ऐकत राहिले आणि ह्यांचा हात दाबत राहिले. राळेगाव येईपर्यंत तो सोडला नाही.

सरकारी दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्यानं आधी माझ्या कपाळाकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे, आणि काही विचारलं नाही. इतकं कुंकू तो रोज बघत असावा. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिला. तो ऐकत होता तेव्हा मी त्याचा चेहरा वाचत होते. मग त्यानं मला तोंडावर वाफेचा मास्क लावून बसवलं आणि म्हणाला, "ताई, ओढू नका. सगळं लक्ष घेण्याकडे आहे तुमचं. घ्यायचं राहू द्या, फक्त सोडा. चहा फुंकतो तसे ओठ करा आणि हळू सोडा. संपला की पुढचा आपोआप येईल."

मला विश्वास बसला नाही. पण तो माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसला आणि स्वतः तसे ओठ करून दाखवत राहिला. मी सोडला. थांबले. आणि खरंच पुढचा आला, पाहुणा न बोलावता येतो तसा.

मग त्यानं सांगितलं. तापाबरोबर छातीत संसर्ग झालाय, नळ्या आवळल्यायत, त्याला औषध आहे. हात वळले ते भात्यासारखा श्वास घेतल्यानं, लकवा नाही आणि देवीही नाही. ताप असताना, खोकला असताना, दम लागत असताना असला जोराचा प्रकार करायचा नाही, श्वास कोंडून धरायचा नाही. उशीला टेकून बसा, हळू सोडा, इतकंच. गरगरलं किंवा छातीत दुखलं की तेही बंद करायचं आणि ओठ निळे दिसले की लगेच इकडे यायचं. बरं वाटल्यावर करायचं तर करा, पण हळू, मला दाखवून. ह्यांनी विचारलं, "म्हणजे प्राणायाम वाईट?" तो म्हणाला, "नाही हो. पण पाय मोडलेल्याला आपण पळवतो का?"

मग त्यानं सहज विचारावं तसं विचारलं, "झोपता कुठं?"

"कापसावर," हे म्हणाले. "गरम राह्यते."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "आणि तो प्राणायाम?"

उत्तर मी दिलं. मला वाटतं त्याला हसावं की रडावं हे कळत नव्हतं. कापसाची बारीक धूळ, सरकीची, वाळल्या पानांची, छातीत गेली की अशीच शीळ वाजते, हे त्यानं आम्हाला लहान मुलांना सांगावं तसं सांगितलं. मी शेवटी मला हवं ते विचारलं, माझी आई दम्यानं गेली, मलाही तोच आहे का. तो म्हणाला, "आत्ता सांगता येणार नाही. कापसापासून लांब राहा, महिनाभरानं बघू." मला 'नाही' ऐकायचं होतं. ते त्यानं म्हटलं नाही.

घरी आले तर लांब राहायला घरात जागा होती कुठं? बैठकीत कापूस, माजघरात कापूस, मागच्या खोलीत डाग पडलेला, कचऱ्याचा वेगळा काढलेला कापूस. स्वयंपाकघरात पऱ्हाटीच्या चुलीचा धूर. शेवटी ओसरीवर खाट टाकून दोन बाजूंनी जुनी लुगडी बांधली. ह्यांनी डॉक्टरचं म्हणणं घरात सांगितलं तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "मंग कापूस कुठी ठेवाव? डोक्शावर?" त्या रागात नव्हत्या, खरंच विचारत होत्या. मामाजी दारातून त्या ढिगाकडे बघत होते. होळीपर्यंत भाव चढेल, या एका वाक्यावर घर उभं होतं. मी पडद्याआडून म्हणाले, "राहू द्या मामाजी. मी इथं बरी आहे." हे साफ खोटं होतं. मला वाटत होतं, त्यांनी तो आत्ताच्या आत्ता, फावड्यानं, उकिरड्यावर काढून टाकावा.

औषधानं ताप गेला, खोकला उतरला. भीती मात्र माझ्या खाटेवर येऊन बसली ती बसलीच. निरोगी माणसाला ठाऊक नसतं, की श्वास आपला आपण चाललेला असतो. मी एकदा त्याच्याकडे लक्ष दिलं आणि तो माझ्या गळ्यातच पडला. वाटायचं, आता हा मी घेतला नाही तर यायचाच नाही. भाजी निवडताना मध्येच हात थांबायचा आणि मी श्वास घ्यायची. कुणाशी बोलताना वाक्य अर्धं टाकून घ्यायची. डॉक्टरनं सांगितलेला तो हळू सोडायचा प्रकार तर जमेचना. सोडत गेले की शेवटाशी ती शीळ ऐकू येईल, या धाकानं मी अर्ध्यातच तोडून पुढचा ओढायची. लुगड्यांच्या त्या खोपटात बसून मी दिवसभर स्वतःला ऐकत होते. हे टीव्ही लावत नव्हते. सकाळी गोठ्यामागे जाऊन गुपचूप पोट आत-बाहेर करून यायचे आणि परसाकडे गेल्याचं सांगायचे. मला माहीत होतं, मी बोलत नव्हते. मुलगी शाळेतून धावत यायची, पडदा बाजूला करून माझ्याकडे बघायची आणि दप्तर ठेवायला जायची. पूर्वी ती आधी खायला मागायची.

एका दुपारी अंगणात मेटॅडोर येऊन उभा राहिला. खेडोपाडी फिरून कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याचा. होळी अजून लांब होती. आत्याबाईंनी माझ्या नाकातोंडावर ओला पदर बांधला आणि मला मुलीबरोबर मारुतीच्या ओट्यावर बसायला पाठवलं. तिथून आमचं अंगण दिसायचं. माणसं गाठोडी बांधून बांधून कापूस बाहेर आणत होती आणि मामाजी मेटॅडोरमध्ये उभे राहून तो पायांनी तुडवत होते. कापूस तुडवायचं काम ते कधी दुसऱ्याला देत नसत. पांढऱ्या ढिगात ते कमरेपर्यंत खाली जायचे, मग वर यायचे. त्या दिवशी ते व्यापाऱ्याशी घासाघीस करताना दिसले नाहीत. मेटॅडोर गेल्यावर मी घरी आले तेव्हा आत्याबाई दाराशी पुटपुटत होत्या, "दोन महिने थांबले असते त..."

मामाजी हौदावर पाय धूत होते. मान वर न करता म्हणाले, "कापूस दरसाली येते."

एवढंच. माझ्याकडे पाहिलंही नाही. सुनेकडे बघून बोलायची त्यांना सवय नव्हती. मी पडद्याआड जाऊन रडले आणि रडतानाही श्वास पुरेल का याची मला भीती वाटत होती.

बैठक झाडली, धुतली, खिडक्या उघडल्या. कित्येक महिन्यांनी फरशी दिसली. मी तिथं चटई टाकून भिंतीला टेकून बसले. ऊन आत आलं होतं, हवा स्वच्छ होती, आता कसलंही कारण उरलं नव्हतं. मी ओठ जुळवले, सोडायला सुरुवात केली आणि अर्ध्यात तोडला. पुन्हा केला, पुन्हा तोडला. कापूस गेला होता, भीती गेली नव्हती. माझ्यासाठी एका माणसानं सगळं वर्ष तसंच मेटॅडोरमध्ये घालून पाठवून दिलं आणि मला साधा श्वास सोडता येत नाही, याची लाज वाटून मी डोळे मिटले. तशीच डुलकी लागली असावी.

जागी झाले ती कसल्याशा स्पर्शानं. स्पर्शही नव्हे, वरच्या ओठाजवळ काहीतरी उबदार होतं. डोळे उघडले तर मुलगी माझ्यासमोर उकिडवी बसली होती आणि तिचा तळहात माझ्या नाकाखाली धरलेला होता. तिनं तो झटकन मागे घेतला.

"काय करतेस?"

"पाहून राह्यली होती."

"काय?"

तिनं हात पाठीमागे नेला. मग म्हणाली, "येते का."

मला तिला रागवायचं होतं, हसायचं होतं, यातलं काहीच जमलं नाही. कारण तो हात माझा होता. मीही दुपारी आईचा डोळा लागला की असाच तिच्या नाकाशी हात धरायची आणि तळव्याला ऊब लागली की खेळायला पळायची. शेवटच्या दुपारीही धरला होता. आवाज थांबलेला होता आणि मला वाटलं, तिला आज बरं आहे. काही लागेना म्हणून मी हात अजून जवळ नेला आणि तसाच धरून बसले, कुणीतरी येऊन मला उचलून नेईपर्यंत.

मी मुलीचा हात ओढून घेतला आणि पुन्हा माझ्या तोंडासमोर धरला. श्वास आत यायचा होता तसा आला. मग ओठ जवळ आणले आणि तिच्या तळव्यावर सोडला, हळू, न तोडता. शेवटाशी शीळ होती की नव्हती हे मी ऐकलं नाही, मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. सगळा संपेपर्यंत सोडला.

"लागला?"

तिनं मान हलवली. हात काढला नाही.

"अजून," ती म्हणाली.